समृद्धीची चुगली

आत्या,

शेठनं तुला माझं नाव सांगितलं, तेव्हापासून तू माझा फोन उचलत न्हाईस. खरंय ते. तुझी लेक समृद्धी आळशी आहे, तिला साडीच्या दुकानात घेऊ नका, असं मीच त्याला म्हटलं.

नारायणगावची ही नोकरी मला तूच लावून दिलीस, म्हणून सांगायला जीभ रेटत न्हाई. मागच्या महिन्यात एक पैठणी सापडत नव्हती. शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "पुष्पा, पिशवी रिकामी कर." मी केली. मग म्हणाला, "आता पदर झटक." तोही झटकला. पैठणी दुसऱ्या कपाटात निघाली, तेव्हा एवढंच म्हणाला, "चला, गिऱ्हाईक बघा."

सात वर्षं मी तिथं साड्या दाखवते. आता त्यानं नुसती हाक मारली तरी माझ्याकडून साडीची घडी नीट पडत न्हाई, आणि तो आणखी ओरडतो. सोडून गेले तर म्हणतील, चोरी केली व्हती म्हणून गेली.

हे वाचलंस तर तू तडक दुकानात येऊन त्याच्याशी भांडशील. मला त्याचीच लई भीती वाटते, म्हणून पत्र टाकत न्हाई.

तू माझ्यावर राग धर. समृद्धीबद्दल शेठनं परत विचारलं, तर मी परत तेच सांगणार आहे.

तुझी भाची,
पुष्पा