पत्र्याखालची दुपार

२ मार्च
कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय आज ठरला : डेटा घ्यायचा, त्याचं चित्र काढून प्रदर्शनात लावायचं. म्हणजे मी ठरवला. मेहता मॅडमनी तयार डेटाची यादी दिली होती, बहुतेकांनी क्रिकेट घेतलं, उरलेल्यांनी ऑनलाइन शॉपिंग. मी म्हटलं, सुरतेत उधन्यातल्या आमच्या गल्लीत खोल्या दिवसभर किती तापतात ते दाखवणार.
मॅडम : डेटा कहाँ है?
मी : लाएँगे.
ध्रुवी माझी पार्टनर. बेंचखालून पाय मारला तिने. बाहेर आल्यावर म्हणाली, "लावशुं क्यांथी?" आणायचा कुठून ते मला माहीत आहे. गेल्या मे महिन्यात आई साडीवर स्टोन चिकटवता चिकटवता चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरने विचारलं, घर में कितना गरम रहता है? कुणालाच सांगता आलं नाही. "बहोत," पप्पा म्हणाले.
घरी सांगितलं. पप्पा कारखान्यातल्या लूमवरून, म्हणजे मागावरून, नुकतेच आलेले, कानातली रुई काढत होते. "उन्हायामा गरमी व्हसच. त्यामा काय शिकानं शे?"
बघाच आता.

६ मार्च
थर्मामीटर आणले, आकडे दिसणारे, स्वस्तातले. सगळे एकत्र ठेवून पाहिले, सारखंच दाखवतात. एक वेडा निघाला, परत केला.
खोल्या ठरल्या. आमची स्लॅबखालची, वरच्या मजल्यावर पत्र्याखालची रेखामावशीची, तळमजल्याच्या दोन, समोरच्या चाळीतल्या काही. शिवाय अडाजणचा ध्रु.चा फ्लॅट, तुलनेला. बायकांनी फक्त तासातासाला थर्मामीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. लिहायचं काही नाही. ही माझी आयडिया, आणि चांगली आहे.
रेखामावशी आईची मैत्रीण, धुळ्याकडच्याच दोघी. तिने विचारलं, "फोटोमा मी दिसनू ते चाली का?" म्हटलं चालेल, पण थर्मामीटर पण दिसू दे.

१० मार्च
फोटोंचा पाऊस. ध्रु. आकडे उतरवते, मी नुसते फोटो बघत बसते. थर्मामीटरच्या मागे तवा, झोपलेलं पोर, स्टोन चिकटवायच्या गमची बाटली, अर्धी चमकणारी साडी. तळमजल्याच्या वर्षाताई नांदेडकडच्या, त्या प्रत्येक फोटोखाली "घे गं बाई" लिहितात. एक फोटो नुसत्या वरणाचा आला, थर्मामीटरच नाही. तो मी ठेवलाय.

१४ मार्च
ध्रु.शी थोडं वाजलं. तिचं म्हणणं, रेखामावशीचे दुपारचे आकडे खोटे, बाहेरच्यापेक्षा आत इतकं जास्त असूच शकत नाही. आणि मधेच एकदम उतरतात ते का? मी म्हटलं, चल, डोळ्यांनी बघ.
गेलो. दार बंद, खिडकी बंद, मावशी साडी पसरून बसलेली. ध्रु. पाच मिनिटांत भिंतीला टेकली.
"मावशी, दरवाजा क्यूँ बंद?"
"बाजू में लूम है ना बेटा. खोलेगी तो रुई उड के गम पे बैठती. माल रिजेक्ट."
जेवायला साडी गुंडाळते तेव्हा दार उघडते. आकडा तिथेच उतरतो.
 खाली आल्यावर ध्रु.ने सोडा पाजला मला. आकडे खरे.

१९ मार्च
पहिलं चित्र फसलं. प्रत्येक खोलीची एक रेघ काढली, सगळ्या मिळून शेवयांचं ताट. मग पट्ट्या केल्या : एका खोलीची एक पट्टी, एका तासाचा एक चौकोन, थंडाला निळा, तापलेल्याला लाल. आणि पट्ट्या गल्लीच्या नकाशावर जिथल्या तिथे बसवल्या.
दिसलं. पत्र्याच्या खोल्या भरभर लाल होतात, सूर्य गेला की उतरतात. स्लॅबच्या उशिरा तापतात, पण संध्याकाळभर लाल राहतात, पप्पा जेवायला बसतात तेव्हासुद्धा. अडाजणची पट्टी निळीच्या निळी. ती बघून ध्रु. म्हणाली, "मारुं घर तो बहु बोरिंग छे."
मेहता मॅ. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, प्रदर्शनात दारासमोरची भिंत तुमची, नकाशा मोठा करा.
भिंत आमची.

२३ मार्च, रविवार
बायकांना घरी बोलावून लॅपटॉपवर दाखवलं. आईने आमची पट्टी लगेच ओळखली, "ह्या चौकोनमा मी पोया करस." पोळ्यांच्या वेळचा चौकोन, बरोबर. सगळ्या हसल्या. आपापलं घर शोधत होत्या.
रेखामावशी सोडून. तिने नकाशातल्या जिन्यावर बोट ठेवलं.
"आठे मनी रूम शे ना?"
"हो. नाव नाही लिहिलं मावशी."
"नाव नही, पन जिना शे, गल्ली शे. शेठले दिसनं ते?"
शेठ म्हणजे मकानमालक, आमचाही तोच. मागे एका भाडेकरणीने वरच्या पत्र्याबद्दल बाहेर तक्रार केली, शेठने महिनाभरात तिला खोली खाली करायला लावली. मी म्हटलं, शेठ कशाला येतोय कॉलेजात. मावशी म्हणाली, "फोटू येस ना पोरी. तूच ते फोटू मांगाडस सगळासकडतीन."
खरंच, सगळ्यांकडून फोटो मागवते ती मीच; नकाशाचा फोटो शेठपर्यंत जायला कितीसा वेळ.
जाताना म्हणाली, मनी पट्टी काढी टाक. चिडून नाही. म्हणून जास्त लागलं.

२४ मार्च
ध्रु. म्हणते, एक पट्टी काढू, नकाशा ठेवू. पण ती पट्टी म्हणजेच तर... सगळ्यात लाल तीच. आणि बाकीच्यांचं काय? त्या हसल्या म्हणजे हो म्हणाल्या असं नाही. मी विचारलंच नव्हतं, दाखवलं फक्त.
मॅ.ना सांगितलं, नकाशा काढतोय. "मॅप ही तो आपकी ताकत है." मी म्हटलं, नाही मॅडम, पट्ट्या आहेत.  भिंत परत घेणार असाल तर घ्या, असंही म्हणाले. 
मॅ. : चार दिन. फिर दिखाओ.

२८ मार्च
झालं. नकाशाशिवाय, आणि नकाशापेक्षा चांगलं.
पट्ट्या आता छपराप्रमाणे लावल्यात : वर पत्रा, मग स्लॅब, मग ज्यांच्या डोक्यावर दुसऱ्याची खोली त्या. गल्ली नाही, जिना नाही. आणि प्रत्येक चौकोनाखाली त्या तासाला खोलीत काय चाललं होतं ते छोटं चित्र : लाटणं, साडी, झोपलेलं पोर, पाण्याचा हंडा. सगळं फोटोंच्या मागे होतंच, इतके दिवस मी नुसती बघत बसले होते. सगळ्यात लाल चौकोनांखाली साडी येते. ओळीने.
या वेळी लॅपटॉप घेऊन घरोघर गेले, एकेकीला वेगळं विचारलं. समोरच्या चाळीतल्या एकीने तिची पट्टी नको म्हटलं. काढली. रेखामावशीने आपली पट्टी ओळखू येते का ते बराच वेळ बघितलं, पदराने स्क्रीन पुसला. "आते कोनी वयखाव नही. ऱ्हाऊ दे."
मॅ. म्हणाल्या, भिंत तुमचीच.

३ एप्रिल
ध्रु.च्या मामांचा साड्यांच्या डिजिटल प्रिंटिंगचा कारखाना आहे. तिचीच आयडिया, कागद कशाला, साडीच्या कापडावर काढू. मामा आधी हसले, मग मशीनवर स्वतः उभे राहिले. पहिला नमुना गुलाबी आला, लग्नात नेसण्यासारखा. मामा म्हणाले, आ तो बहु चाले, बजारमां मूकुं? बाजारात कशाला, आम्हाला लाल हवा होता. तिसऱ्या नमुन्यात मिळाला.

५ एप्रिल
प्रदर्शन. कापड भिंतभर, खालून हलत होतं. बायका आल्या, वर्षाताई गजरा माळून. पप्पांनी खाडा केला, सांगितलंही नाही आधी. कापडासमोर उभे राहून त्यांनी आमची स्लॅबची पट्टी बोटाने शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "घर येस तवयबी लालच शे." एवढंच.
रेखामावशी तिच्या पट्टीपाशी उभी. येणाऱ्या प्रत्येकाला हिंदीत समजावत होती, ये बाई दरवाजा नहीं खोल सकती, रुई के लिए. ही बाई कोण, ते एकदाही सांगितलं नाही.
एका संस्थेच्या बाई आल्या होत्या. छपरांना पांढरा रंग देतात, खोली थंड राहते म्हणे, काही काही ठिकाणी केलंय. त्यांनी विचारलं, ही घरं कुठे आहेत? मे महिन्याच्या आत करू शकतो, फक्त पत्ते आणि मालकाची परवानगी लागेल.
मी म्हटलं, विचारून सांगते.
मार्क चांगले पडतील. मॅ.चा चेहरा सांगत होता.

७ एप्रिल
रेखामावशीला विचारलं. साडी गुंडाळून ठेवली तिने, दार उघडलं. 
"रंग फुकट शे?"
"हो."
"शेठ काय म्हनी?"
"माहीत नाही मावशी. खरंच माहीत नाही."
मग म्हणाली, "सांग पत्ता. पन पहिले तुमनी रूमना सांग. मंग मना."
बरोबर आहे तिचं. पण पत्रा तर तिच्या डोक्यावर आहे, आमच्यावर नुसता स्लॅब. संस्थेच्या बाईंना फोन करून विचारलं. स्लॅबवरही देतात.

८ एप्रिल
घरी बोलले. आईने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "शेठशी मी बोलस. तू नको." मी म्हटलं, दोघं बोलू, कापड घेऊन जाऊ, मी समजावते. आई म्हणाली, तिघं.
संस्थेच्या बाईंना मेसेज टाकला, फक्त आमच्या खोलीचा पत्ता. लगेच उत्तर आलं, गुरुवारी बघायला येते, मालक असतील ना?
पप्पांनी कामावर जाण्याआधी शेठला फोन लावला. रिंग वाजत होती तेव्हा मी शर्टाची बाही धरली होती त्यांची, का कोण जाणे. उचलला.
"हां शेठ, राम राम. गुरुवारे घेर छो?"
शेठ काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पप्पा ऐकत होते, मान हलवत; मग म्हणाले, "हां शेठ, गुरुवारे," आणि आमच्याकडे बघून तीन बोटं दाखवली.