चार नंबरचा वॉर्मर

सोम. ३ फेब्रु.
आग लागली त्याला आज तीन आठवडे. नवजात कक्षातली अकराही बाळं वाचली, म्हणून सगळे विसरायच्या घाईत. बाळं अजून वरच्या हॉलमध्ये, दाटीवाटीनं. इकडं कक्षात नवी वायरिंग, नवं पॅनल, नवं छत. आज ठेकेदाराच्या इंजिनिअरनं (लई गोड बोलतो) कागद पुढं केला. 'काम समाधानकारक.' खाली कक्षप्रमुख म्हणून माझी सही. म्हटलं, आधी बघते. हसला. सिस्टर, तुम्ही काय बघणार, म्हणाला.
कक्षातला विजेचा बोर्ड आगीच्या आधी आठवडाभर गरम लागत होता. मी तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. चौकशीत हे कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

बुध. ५
रिकाम्या कक्षात सगळी यंत्रं चालू करून एकटी फिरले. कोपऱ्यातल्या चार नंबरच्या वॉर्मरची, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याची, दांडी धरली अन् हात झिणझिणला. परत धरली, परत तेच. इंजिनिअर यायला अर्धा तास गेला. तोवर झिणझिण थांबलेली. त्यानं मीटर लावून दाखवला. शून्य. आगीचा धसका आहे, होतं असं, म्हणाला.
असेलही. घरी फ्रिजलासुद्धा उलट्या बोटांनी शिवते हल्ली. हे हसतात.

शुक्र. ७
सफाईच्या कांताबाई ओल्या फडक्यानं तोच वॉर्मर पुसत होत्या. हाताला काही लागतं का, सहज विचारलं. आधी फडकं पिळलं. मग म्हणाल्या, "व्हय, मुंग्या येत्यात. म्या म्हणलं, वय झालं."
तीन दिवसांपासून येत होत्या. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला.
म्हणजे धसका नाही.

शनि. ८
इंजिनिअर आला की काही नाही, गेला की झिणझिण. तो येण्याआधी कुणी काही बंद करतं का? दवाखान्याचे इलेक्ट्रिशियन सलीमभाई वीस वर्षांपासून इथं. आगीत दोन बाळं त्यांनी छातीशी धरून बाहेर काढलेली. आता त्यांच्यावरही माझा डोळा. पॅनलच्या खोलीत कधी गेले, कधी निघाले, लिहून ठेवते. लाज वाटते. तरी लिहिते.

मंगळ. ११
तीन दिवसांच्या वेळा, त्यांच्या अन् झिणझिणीच्या, मांडून पाहिल्या. सलीमभाईंचा काही संबंध नाही. कक्षाच्या बरोबर खाली ऑटोक्लेव्ह आहे, हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र. ते चालतं तेव्हाच वर झिणझिणतं. इंजिनिअर यायचा तेव्हा ते थांबलेलं.
सलीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या वेळा लिहिल्या, तेही. ते शिडी घेऊन आले.
छताची फळी काढली. हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, गळणारा करंट जमिनीत नेणारी, ती थेट बाहेर जमिनीत खणलेल्या नव्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्यायची होती. ती छतातच जुन्या अर्थिंगच्या पट्टीला पिळून दिलेली. अन् जुनी पट्टी पुढं गंजून तुटलेली. खालच्या यंत्राचा करंट जाणार कुठं? या कोपऱ्यात.
शिडीवरूनच म्हणाले, "सिस्टर, ये गलती नै है. खड्ड्यापर्यंत जायचा कंटाळा केलाय."
चार नंबरला आम्ही नेहमी सगळ्यात नाजूक बाळ ठेवतो.

गुरु. १३
नवी वायर खड्ड्यापर्यंत नेली. इंजिनिअर म्हणतो, मजुराची चूक. सलीमभाईंनी स्वतः तपासलं. खाली ऑटोक्लेव्ह चालू ठेवून मी दांडी धरून उभी, शेजारी कांताबाई ओल्या हातानं. काही नाही. सही केली. 'फक्त माझ्या कक्षापुरती' असं वर लिहून.
अधीक्षक सरांकडं गेले. प्रसूती कक्षातली वायरिंगही ह्याच माणसांनी केलीय, तिथलंही छत उघडू या, म्हटलं. सर फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "सिस्टर, तुमचं झालं ना? सोमवारी उद्घाटन आहे."
माझं झालं. पण सर घाई कशाची करतायत?

सोम. १७
उद्घाटन झालं. बाळं खाली आली. चार नंबरवर देवगाव रंगारी गावच्या बाईची मुलगी, तेराशे ग्रॅम. दिवसभर छान झोपली.
पाहुणे गेल्यावर प्रसूती कक्षात गेले. तिथली शकू माझ्याच बॅचची. तिनं सही कधीच देऊन टाकलेली. बघितलंस का, विचारलं. म्हणाली, इंजिनिअर म्हणाला ना, सगळं बघितलंय. टेबलाला हात लावून पाहिला. काही जाणवलं नाही. त्यानं समाधान होईना.
सलीमभाईंकडं शिडी मागितली. त्यांनी मान खाली घातली. लेखी परवानगीशिवाय छताची एकही फळी काढायची नाही, असा आजच हुकूम निघालाय.
लेखी अर्ज दिला, पोच घेतली. संध्याकाळी अर्ज परत आला. कोपऱ्यात सरांचा एकच शब्द, लाल शाईत. 'पाहिले.'
काय पाहिलं, ते नाही.
शकूकडं तीन बायका भरती आहेत.