दुसरी वाढणी

शिकागो

चि. कैलाश यास रीताताईचे आशीर्वाद, तू घेशील तर.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काल तुझी दुर्गा म्हणाली, "ताई, घरी नाही म्हणून सांग, असं म्हणून राहिले ते." मागून तुझा खोकला ऐकू येत होता. औषध घेतोस ना?

मी बरी आहे. तुझ्या भाच्याच्या, अंकुरच्या घरात ऊब आहे, पोळ्या मात्र रबराच्या.

इथे एका अमेरिकन पत्रकार बाईचे निबंध वाचते. ती दुःखाचं नावही घेत नाही. दिसलं तेवढंच कोरड्या, छोट्या वाक्यांत लिहिते, आणि आपल्याला कापरं भरतं. हल्ली जो उठतो तो तिची नक्कल करतो. अशांना मी माकडं म्हणायचे, आणि स्वतःच शेपूट लावून बसले.

म्हणून आई गेली त्या दिवसावरच्या पेपरातल्या लेखात लिहिलं, "घरात चूल पेटली नव्हती. शेजाऱ्यांनी कडू घास आणला. माझ्या भावाने दोनदा भात घेतला." आपल्या गावात, अड्याळात आता लोक तुला काय म्हणत असतील, ते दुर्गाने सांगितलं नाही, तरी कळलं.

आदल्या दिवसापासून तू आईच्या उशाशी उपाशी होतास. दुसरी वाढणी मीच टाकली, "खाय रे, माही आण आहे तुले," म्हणून. हे वाक्य लेखात होतं. शैली बिघडते म्हणून मीच खोडलं.

ते वाक्य छापा, असं संपादकाला कळवलंय. म्हणतो, लेखाची धार जाईल. जाऊ दे मेली. रविवारी छापून येईल.

तोवर फोन उचल. बोलू नकोस हवं तर. मी तुझा खोकला ऐकेन.

तुझी,
रीताताई