पट्टीतली खोट

व्हिएन्ना

आये,

तुला नि बाबाला रविनाचा नमस्कार. मी बरी हाय, वेळेवर जेवते. प्रयोगशाळेत आम्ही धातूच्या पट्टीवर किरणं सोडतो, ती माझ्या अंगावर येत नायत, मधी जाड भिंत असते.

आमच्या पट्टीतून कडक थंडीत वीज अजिबात न अडखळता वाहते. किरणांनी पट्टीत बारीक खोट पडते. थोडी पडली तर चुंबकाजवळ ती जास्तच वीज पेलते, फार पडली तर बिघडते. माझी बिघडली. सगळं काम वाया गेलं वाटून रडले. माझं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हळूहळू तापवून बघ." तापवली, तर थोडी सुधारली. बाकीची खोट का जात नाय, तेच आता शोधायचंय.

म्हणून दिवाळीला येणं जमणार नाय.

तुझा गुडघा कसा हाय? मुरबाडच्या डॉक्टरला दाखवलास का? "बरा हाय" असं दादाला लिहायला लावू नको.

तुझीच,
रविना