पेटीचं धुकं

१४ ऑक्टोबर १९८६, सौंसर
दसरा झाला. मांडवातले भोंगे उतरवले, माझं लाउडस्पीकरचं दुकान मोकळं. आता खरं काम. आमच्या भजन मंडळाचा पेटीवाला भिवाजी, माझा तीस वर्षांचा दोस्त, गेला त्याला नऊ नोव्हेंबरला वर्ष होते. त्याच्या पेटीची टेपची एकच स्पूल आहे, त्याच्या ओसरीवर मीच भरलेली. वर्षश्राद्धाला ऐकवीन म्हणून देवकाबाईंना, म्हणजे वहिनींना, शब्द दिला आहे. पण नुसती पेटी कोणीही ऐकवेल. परवा शॉर्टवेव्हवर एक परदेशी संगीत लागलं. ताल नाही, चाल नाही, नुसतं धुकं पसरल्यासारखं. भिवाजीच्या पेटीचं तसं करायचं. मग नागपूर रेडिओला पाठवायचं. मी चौथी नापास असलो तरी कान माझे आहेत.

१६ ऑक्टोबर
पूर्ण टेप ऐकली. सूर सोन्यासारखे. मध्येमध्ये कचरा फार. भिवाजी खोकलतो, मग ओरडतो, देवका, पाणी आन वं! बारा जागी. जिवंतपणी किती सांगितलं की माइकसमोर खोकलू नको. ब्लेडनं सगळं कापून काढलं. आधी कॉपी करून ठेवा, असं उषा म्हणाली. कॉपीत हिस, म्हणजे टेपची सरसर, वाढते. तिला ऐकू येत नाही, मला येते. बायकोला टेक्निकल काय सांगणार.

१७ ऑक्टोबर
रामाकोन्याचे शेतकरी नत्थूजी आले. ज्वारीवर पाखरं लय बसून राहिली भाऊ, टाकाऊ टेप असंल तर द्या, वाऱ्यावर भणभणते म्हणे. कापलेले बाराही तुकडे दिले. दुकान स्वच्छ.

२२ ऑक्टोबर
स्पीड अर्धा केला. टेपचं कडं करून खुर्चीच्या पायाभोवती फिरवलं. एकच सूर गोल गोल. त्यावर मोहगावहून भरून आणलेली कापसाच्या जिनिंगची घरघर चढवली. अप्रतिम! फक्त चौथ्या मिनिटाला खोकला आला. एखादा राहिला असेल.

२५ ऑक्टोबर
टेप इंच-इंच तपासली. खोकला नाही. लावली की आहे. मशीनचा हेड स्पिरिटनं पुसला. उद्यापासून एकही दिवस वाया घालवायचा नाही.

२९ ऑक्टोबर, दुपार
मशीन बंद असताना खोकला आला. जुना स्पीकर आवाज धरून ठेवतो. कंपनीवाले हे सांगत नाहीत.

२ नोव्हेंबर
मशीनजवळ पाण्याचा ग्लास ठेवून राहिलो. हवा कोरडी आहे, टेपला ओल लागते. संध्याकाळी ग्लास रिकामा. नोव्हेंबरात इतकं ऊन!

९ नोव्हेंबर
पंगतीच्या आधी लावलं. अकरा मिनिटं. मंडळाचे भैय्याजी म्हणाले, लाइन कमी-जास्त होऊन राहिली काय बाप्पा? दोघं वायर बघायला उठले. नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो.
वहिनी लोटी हातात घेऊन शेवटपर्यंत बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, भाऊजी, हे मले हाक काहून मारत नाही? त्या दिवशी तर पाणी आणून आणून मी थकली होती.
ते दुसऱ्या स्पूलवर आहे, असं सांगितलं.

१० नोव्हेंबर, रामाकोना
सकाळी वहिनींनी ती दुसरी स्पूल मागितली, खरं सांगावं लागलं. वहिनी चप्पल घालून सोबत निघाल्या.
नत्थूजी खूश. यंदा एक पाखरू बसलं नाही भाऊ, टेप लय गुणाची निघाली! खुंट्यांना ताणलेल्या बारा पट्ट्या. उन्हानं विटलेल्या, पीळ पडलेल्या. एक सोडवून हातात घेतली. बोटाला टेपचा काळा थर लागला. मशीनवर लावून पाहायचीही गरज नव्हती.
कॉपी करायला पाहिजे होती.
मग वारा सुटला. बाराही एकदम भणभणल्या. ताल नाही, चाल नाही. वहिनी शेताच्या धुऱ्यावर ताठ उभ्या राहिल्या. आणतो जी, म्हणाल्या, आणि विहिरीकडे चालू लागल्या.
नत्थूजी म्हणाले, बाईले तहान लागली वाटते.
मी हो म्हणालो.