बाजारात ब्याऐंशी, आपली अठरा

वळसंग, ८ जानेवारी

चि. शिवानंदास आज्जीचा पोटभर आशीर्वाद.

हितं समदी बरी हायती. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, बोकड एक बी न्हाय. फोन केला असता, पण फोन तुज्या आईच्या हातात, आणि गोष्ट तिचीच हाय. साक्षरतेच्या वर्गात शिकले ते कामाला आलं की.

सतराला सोलापुरात पक्षाची माणसं मुलाखती घेणार. जिल्हा परिषदेचं तिकीट तुज्या आईला का सरपंचाच्या बायकोला, सिद्धेश्वरीला, ते तितं ठरंल. आणि तुजी आई दानेश्वरी म्हणती, मी जात न्हाय. तुमच्या मोबाइलातल्या त्या अंदाजाच्या बाजारात, तिकीट कुणाला मिळंल यावर पोरं पैसे लावत्यात, तितं शंभरात सिद्धेश्वरी ब्याऐंशी आणि आपली अठरा म्हणं. लोकांनीच ठरवलंय म्हणून मुलाखतीची फाईल कपाटात टाकली. बारा वर्षं बचत गट चालवला तिनं. तोंडावर मी कधी चांगलं म्हणले न्हाय, म्हणून हितं लिहिते. तो बाजार खरा असतो का रं?

तुजी आज्जी, निंगव्वा

पुणे, १२ जानेवारी

ती. आज्जीस शिवानंदचा सा. नमस्कार.

बाजार पुष्कळदा बरोबर निघतो. खिशातले पैसे जाणार म्हटलं की माणूस विचार करून बोलतो. पण त्यासाठी लावणारे पुष्कळ लागतात. आपल्या इथल्या तिकिटावर अकराच जणांनी लावलेत, आणि त्यातला एक मी. तिकीट हुकलं तर आईला निदान एखादी साडी घेता येईल, म्हणून सिद्धेश्वरीकाकूंवर दोन हजार लावले. तोवर दोघी बरोबरीत होत्या. माझ्याच पैशानं आकडा ब्याऐंशीवर गेला. आईला सांगू नकोस.

लोभ आता कमी होईल, ठाऊक आहे. थोडा राखून ठेव.

तुझा शिवानंद

वळसंग, २१ जानेवारी

चि. शिवानंदास आशीर्वाद, आणि पाठीत एक रट्टा.

मला मनातल्या मनात वाचाय येत न्हाय, हे तू इसरलास. अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचत बसले, आणि दानेश्वरी शेजारीच भाकरी थापत हुती. आईला सांगू नको हे तू शेवटाला लिहिलंस, तवर समदं सांगून झालं हुतं. भाकरी करपली. बरोबरीत होत्या ती ओळ तिनं मला दोनदा वाचाय लावली. मग म्हणली, मला वाटलं समदी लोकं माज्या विरोधात हायती, आणि निघाला माजाच ल्योक. लई हसली. हात धुतले आणि फाईल काढली.

मुलाखतीला मी बी संगं गेले, बाहेर बसून चहा प्याले. काल पक्षाचा कागद आला, तिच्या नावाचा. बचत गटातल्या सारजाबाईनं गल्लीत साखर वाटली. तुजे दोन हजार बुडाले, आयकून जीव गार झाला बघ.

आई रागावली न्हाय. म्हणती, त्याचं नाव मतदार यादीत हितंच हाय, आता मत कुणाला देतो बघू.

लोभ हाय तेवढाच हाय, तू तेवढा ये.

आज्जी