म्हसोबाच्या शेंदरात काय आहे

१ मार्च
"वाडीकरांनो, शहरातून कुणीही येतं आणि आपल्याला अडाणी ठरवून जातं!" आज म्हसोबाच्या पारावर अशी सुरुवात केली. टाळ्या. समोर शारदा. आमच्याच वाडीच्या मेंढपाळ घरातली पोर, कराडला कॉलेजात घन पदार्थांवर संशोधन करते. देवाच्या शेंदराची खपली तिला तपासायची होती. मी गरजलो: हा आपल्या डोंगराचा गेरू, याला कसली परीक्षा? तिनं खाली पडलेली नखाएवढी खपली उचललीच.
"आण्णा, भाषण लय भारी. आता शेंदरालाबी बोलू द्या की."
लोक हसले. मीही.
येताना चार खपल्या घरी आणल्या. नातीच्या गुटीत उगाळायला. पाच महिन्यांची आहे, दृष्ट लागते. रीतच आहे.

९ मार्च
विट्यावरून एसटीनं कराड. शारदानं बोलावलं होतं. अंधारी खोली, खपलीच्या कडेवर लेसरचा ठिपका. परतणाऱ्या उजेडातला अगदी थोडा भाग किंचित रंग बदलून येतो, आणि तो बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा. पडद्यावर सुळके उभे राहतात. फोडणं नाही, विरघळवणं नाही. जन्मभर उजेडावर भाषणं केली. त्याला राबताना आज पाहिलं.
"लेसर वाढवला तर शेंदूर जळून पिवळा पडतो. मग साक्ष खोटी." म्हणून मंद ठेवून तासभर बसली. एकेक थर. मला एक वाक्यसुद्धा इतकं तपासून बोलता आलेलं नाही.
सर्वांत आतला थर गेरूच! छाती फुगली.
"वरचे सगळे शिशाचे, आण्णा. बाजारचा शेंदूर. पोटात जाता कामा नये. लेकराच्या तर न्हाईच न्हाई."
परतीचा रस्ता आठवत नाही.
घरी आल्या आल्या खपल्यांची डबी काढून घेतली. ही म्हणाली, "देवाचं हाय ते. तुमीच आणलंत न्हवं?"
मीच. विचारलं, किती वेळा दिलं?
"चार-पाचदा. उगं बोटभर."

११ मार्च
सांगली. नातीचं रक्त तपासायला दिलं. सुई टोचली तेव्हा एवढीशी मूठ... सून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं. शारदानं आधीच तिथल्या डॉक्टरांना फोन करून ठेवला होता. मी सांगितलंही नव्हतं; कराडला माझा चेहरा बघूनच ओळखलं असणार.

१३ मार्च
अहवाल अजून नाही.
पारावर सभा मीच बोलावली. पहिल्यांदा माझी चूक सांगितली, नातीचं सांगितलं. मागून गणपा: "म्हंजे देव खोटा व्हय रं?"
शारदा उठली. "देवाला काय झालं न्हाई, गणपामामा. त्याचा गेरू आत जशाच्या तसा हाय. वरचं आपुन चढवलंय." एवढंच बोलून खाली बसली. माझी सगळी भाषणं त्या तीन वाक्यांवरून ओवाळून टाकावीत.
मग मी उठलो. म्हणालो: उद्या सकाळी घराघरात गुटीसाठी ठेवलेली खपली कागदात बांधून शाळेच्या ओट्यावर शारदाच्या हाती आणून द्या. एकही मागं ठेवू नका.